"ताई, आज सगळं संपवलं ना?"

संध्याकाळी मुलांना न्यायला आलेले आईबाबा दारातूनच विचारतात, "ताई, आज सगळं संपवलं ना?" गेली १२ वर्षं मी पाळणाघरात मुलं सांभाळते. या प्रश्नाला "हो" म्हणता यावं म्हणून सुरुवातीची काही वर्षं मी काय काय केलं, ते आज लिहितेय. लिहायला जड जातंय, पण असंच वागणं आजही कित्येक ठिकाणी रोज चालतं, म्हणून लिहितेय.

एक अडीच वर्षांचा मुलगा होता. घास तोंडात घ्यायचा आणि गालात धरून बसायचा. अर्धा तास, कधी पाऊण तास. मी समोर बसून "गिळ रे राजा, हा शेवटचाच" करत राहायचे. मग मी फोनवर गाणी लावायला लागले. पडद्याकडे बघता बघता त्याचं तोंड उघडायचं आणि मी घास सरकवायचे. ताट रिकामं, आई खूश, मीही निर्धास्त. दोन महिन्यांत तो वाटी दिसली की उठून पळायला लागला. आधी आवडीने खायचा ती केळीसुद्धा हातात घेईना. दोन महिने त्याने काय खाल्लं हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. चव, वास, पोट भरल्याची जाणीव, सगळ्याच्या मध्ये मी फोन आणून ठेवला होता.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले.

पहिली गोष्ट, हा काळ किती महत्त्वाचा आहे याची मला कल्पनाच नव्हती. मूल दोन वर्षांचं होईतो त्याच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ८० टक्के झालेला असतो. आपल्यासारख्यांचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी साधारण २० टक्के ऊर्जा वापरतो. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मेंदूला ४० टक्क्यांहून जास्त लागते. आणि एवढी गरज भागवायची ती केवढ्याशा पोटातून! म्हणून या मुलांना दर अडीच-तीन तासांनी थोडं थोडं खायला लागतं. जे मूल आठ-नऊ तास पाळणाघरात असतं, त्याचं दिवसातलं निम्मं किंवा त्याहून जास्त खाणं आमच्याकडेच होतं. चार वाजता हातात दोन गोड बिस्किटं दिली की जागा भरते, पण शरीराला हवं ते काही जात नाही. मोठ्यांसाठी तो अधलामधला खाऊ असेल, लहान मुलासाठी ते एक जेवणच असतं.

लोहाचं उदाहरण मी प्रत्येक पालकांना सांगते. बाळ जन्मताना लोहाचा साठा घेऊन येतं, पण सहाव्या महिन्याच्या सुमारास तो सरत येतो. अमेरिकेतल्या शिफारशींनुसार ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला रोज ११ मिलिग्रॅम लोह लागतं, आणि प्रौढ पुरुषाला ८. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छापण्यात चूक झाली असं वाटलं होतं. या वयात लोह सतत कमी पडलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि वरून फारसं काही दिसतही नाही. मूल जरा मलूल असतं, लवकर दमतं, किरकिर करतं. आपण म्हणतो, स्वभावच तसा आहे. त्यातून जेवला नाही म्हणून वरचेवर दुधाची बाटली दिली, तर दुधानेच पोट भरतं आणि डाळी, अंडी, पालेभाज्या यांना जागा उरत नाही. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. जेवणासोबत संत्र्याच्या चार फोडी दिल्या तरी फरक पडतो, कारण 'क' जीवनसत्त्वामुळे डाळी-भाज्यांतलं लोह शरीरात चांगलं शोषलं जातं.

साखरेबद्दल थोडक्यातच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुलं आणि मोठे दोघांसाठीही सांगितलं की वरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांच्या रसातली साखर, दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. आमच्याकडे २५ मुलं आहेत, म्हणजे वर्षाला २५ वाढदिवस. प्रत्येकाने केक आणला तर हिशोब तुम्हीच करा. आम्ही वाढदिवसाला मुलांना आवडती गोष्ट सांगतो आणि फळं कापतो. सुरुवातीला काही पालक नाराज झाले. मुलं एकही नाही.

पण माझं खरं म्हणणं पुढेच आहे. काय वाढायचं याची यादी कुठेही मिळते. कसं खाऊ घालायचं, यावर बोलायला हवं.

लीॲन बर्च नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९८०च्या सुमारास बालवाडीच्या मुलांवर काही साधे प्रयोग केले. त्यातल्या एकात, एक भाजी आवडणाऱ्या मुलाला दुसरी भाजी आवडणाऱ्या मुलांच्या टेबलावर सलग चार दिवस बसवलं. चौथ्या दिवसापर्यंत बरीच मुलं आपली सोडून सोबत्यांची भाजी घ्यायला लागली. कुणी आग्रह केला नव्हता. घरात एकटं मूल आणि समोर वाटी घेऊन बसलेले दोन काळजीग्रस्त मोठे, असं चित्र असतं. आमच्याकडे आठ मुलं एकत्र बसतात आणि एक जण कच्चं गाजर कडाकड चावत असतो! पाळणाघराकडे असलेली ही ताकद आपण वापरतच नाही.

दुसरा प्रयोग १९८४चा. मुलांना एक पेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिलं. बक्षिसासाठी मुलं प्यायली, पण नंतर तेच पेय त्यांना आधीपेक्षा कमी आवडायला लागलं. "भाजी संपव, मग चॉकलेट" हे मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते. मुलांना त्यातून एवढंच कळत होतं की भाजी ही सोसायची वस्तू आहे.

एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंचा नियम आता आमच्या स्वयंपाकघरात लावला आहे. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वाचायला सोपं आहे, पाळताना जीव वरखाली होतो. "मग उपाशी राहिला तर?" हे मलाही वाटतं. पण निरोगी मूल एका वेळी कमी खाऊन पुढच्या वेळी भरून काढतं, हे मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिलंय. नवी चव स्वीकारायला काही मुलांना ती दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळी "याला आवडत नाही" म्हणून सोडून देतो. हां, वजन वाढायचं थांबलं असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा मोजून दोन-तीनच पदार्थ खात असेल, तर वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रं नंतर बघा. जेवणाच्या वेळी जाऊन बसा. मुलं खाली बसून खातात की पळता पळता? द्राक्षं उभी चिरून देतात का? अख्खे दाणे, पॉपकॉर्न या वयाला देत नाहीत ना? वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवत नाहीत ना? ताई मुलांसोबत तेच खाते का? आणि किती मुलांमागे किती हात आहेत, हे नक्की विचारा. दहा मुलांमागे एकच बाई असेल तर ती भरवून मोकळी होणार, तिला दुसरा इलाजच नाही. मूल आपल्या हाताने खातं तेव्हा वेळ लागतो, सांडतं, कपडे रंगतात. ते तुम्हाला चालणार असेल, तर तसं तिला सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं की तिच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरतं, हे मी स्वानुभवाने सांगते.

मागच्या वर्षापासून आमच्या रोजच्या वहीत मी 'पूर्ण संपवलं', 'अर्धं संपवलं' लिहिणं बंद केलंय. आता लिहिते, "आज वाटाणे बोटाने दाबून बघितले. एक तोंडात घातला, बाहेर काढला. भात पुन्हा मागून घेतला." पहिल्या आठवड्यात एक आई वही वाचून म्हणाली, "म्हणजे जेवला नाहीच ना?" परवा तीच वही उघडून दारातच उभी राहिली आणि मुलाला विचारलं, "वाटाणा कसा लागला रे?" तो बराच वेळ सांगत होता.