जरा हलू नकोस

आमच्या घरात आता कुठलीही तारीख निरागस राहिलेली नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाला किती वर्षं झाली, कुणाचा निकाल, कुणाची निवृत्ती, हे पूर्वी मी कॅलेंडरवर लिहून ठेवायची, ते फोन करायचा राहू नये म्हणून. आता त्या तारखांच्या मागे पेन्सिलीने उलटी मोजणी लिहिलेली असते. ‘कापड धुणे’, ‘बेतणे’, ‘कच्चे टाके’, ‘काजे’, ‘इस्त्री’. अक्षर आमच्या ह्यांचं. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, झाडं लावतात, एकच वर्तमानपत्र दोनदा वाचतात. ह्यांनी शिलाई मशीन घेतलं.

नवरा शिवतो म्हटलं की बायका माझ्याकडे हेव्याने बघतात. मी काही बोलत नाही. त्यांना जेवणाच्या टेबलापाशी नेते आणि दाखवते. त्यावर मशीन आहे, कात्र्या आहेत, खडू आहेत, चिंध्यांचे डबे आहेत. आम्ही मांडीवर ताट घेऊन सोफ्यावर जेवतो. तेही जपून, कारण सोफ्याच्या फटींत टाचण्या असतात. त्या आम्ही शोधत नाही. बसलं की त्याच आम्हाला शोधतात.

ह्यांचं सगळं आयुष्य यंत्रांच्या देखभालीत गेलं. त्यामुळे मशीन आल्यावर आधी त्याचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झालं, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित झाल्या, आणि मग पहिला दोरा ओवला गेला. साधारण आठ तास शिवून झालं की सुई बदलावी, असं कुणीतरी सांगितलं. लगेच सुईची वही सुरू झाली. तारीख, वेळ, कापड, शेरा. आमच्या दोघांच्या रक्तदाबाची वही मध्येच कधीतरी बंद पडली आहे. सुईची अखंड चालू आहे. सुईच्या पाकिटावर ९०/१४ लिहिलेलं असतं, त्यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर आणि १४ म्हणजे त्याच सुईचा दुसऱ्या पद्धतीतला नंबर. हे मला माहीत असण्याचं जगात काहीही कारण नव्हतं.

भेटवस्तू शिवायची म्हणजे आधी कापड धुवायचं. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच सहज आटतं, म्हणजे मीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर गेले. शिवल्यावर आटण्यापेक्षा आधीच आटू दे, हे तत्त्व मलाही पटतं. पण ह्यांना आटताना ते मोजायचं असतं. कोऱ्या कापडावर खडूने आखलं तर पुसेल, म्हणून दोऱ्याने चौकोन घालायचा, धुवायचं, वाळवायचं, पुन्हा मोजायचं, वहीत लिहायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, कपडे धुणं हा विषय ह्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. आता दोरीवर आमच्या अंगावरच्या कपड्यांना जागा नसते, तिथे येत्या तीन महिन्यांचे वाढदिवस वाळत असतात.

माझं काम उभं राहण्याचं. भेट गुपित ठेवायची, म्हणून ज्याच्यासाठी शिवायचं त्याचं माप घेता येत नाही. मग ते माझ्यावरून घेतात आणि फरक भरून काढतात. थोरल्या जाऊबाईंच्या वाढदिवसाचं जाकीट होतं तेव्हा माझ्या दोन्ही खांद्यांवर टॉवेलच्या घड्या होत्या. धाकट्या दिरांच्या निवृत्तीसाठी ऍप्रन शिवायचं ठरलं तेव्हा पोटाला उशी बांधली. नेमका कुरिअरवाला आला. मी तशीच दार उघडायला गेले. त्याने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, उशीकडे बघितलं, पेनाचं टोपण स्वतः उघडून दिलं आणि म्हणाला, “तुम्ही बसूनच सही करा.”

अशा वेळी ह्यांना एबेनेझर बटरिक आठवतो. हा अमेरिकन शिंपी. त्याने १८६३ मध्ये वेगवेगळ्या मापांचे तयार कागदी नमुने विकायला काढले. त्याआधी घरी शिवणाऱ्यांना नमुना मिळायचा तो एकाच मापाचा. तो अंगाप्रमाणे वाढवायचा की कमी करायचा, ते ज्याचं त्याने बघायचं.

“म्हणजे बघ, केवढी सोय केली माणसाने!”

“मग आणा ना एक नमुना विकत.”

“विकतचे नमुने आपल्या माणसांना बसत नाहीत. जरा हलू नकोस.”

बटरिकने एवढा खटाटोप करूनही शेवटी उभी मीच.

भाचीला दिवस गेल्याची बातमी आली तेव्हा मी आनंदाने रडले आणि हे पेन्सिल शोधायला गेले. बाळासाठी टोपडं आणि गोधडी. जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला जवळजवळ दोन सेंटिमीटर वाढतो, आणि वर्षाचं होईपर्यंत ४६च्या आसपास जातो. ह्यांनी ह्याचा आलेख काढला. आलेख उत्तम होता. अडचण एवढीच की बाळाचं डोकं थांबत नव्हतं आणि ह्यांचं समाधान होत नव्हतं. एक टोपडं मनासारखं होईपर्यंत डोकं पुढच्या मापाला पोचलेलं असायचं. मग उसवा.

त्यात सुरक्षेचा प्रश्न. बटण नको, कारण ते सुटलं तर बाळ तोंडात घालेल. बंद नकोत, कारण गळ्याशी अडकतील. दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या, माझं काही म्हणणं नाही. इलॅस्टिक नको, कारण कपाळावर वळ उठतात. हेही कबूल. मग टोपड्याने डोक्यावर राहायचं कशाच्या जोरावर? ह्यावर हे गप्प बसले आणि बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. अखेर ते टोपडं खेळण्यातल्या अस्वलाला झालं. अस्वलाचं डोकं वाढत नाही, हा अस्वलाचा फार मोठा गुण आहे.

गोधडीची कथा लांब आहे, पण थोडक्यात आवरत नाही. ओळीला १२ चौकोन. १२ चौकोन म्हणजे ११ शिवणी. प्रत्येक शिवणीत दोन्ही कापडं एकेक मिलिमीटर जास्त दबली, तर ओळ २२ मिलिमीटर आखूड होते. एका ओळीत दबली आणि दुसरीत नाही, तर कोपऱ्याला कोपरा भिडत नाही. हा हिशोब घरी येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगण्यात आला. वीजमीटर बघायला आलेल्या मुलालासुद्धा. तो बिचारा हो हो म्हणाला, जाताना मात्र मीटर न बघताच गेला.

मशीनची टीप म्हणजे दोन दोऱ्यांची गाठभेट. एक सुईतून वरून येतो, एक बॉबीनमधून खालून, आणि त्यांची मिठी कापडाच्या पोटात लपली पाहिजे. ताण बिघडला की ती वर किंवा खाली दिसते. कधीकधी खालच्या बाजूला दोऱ्याचं अख्खं जंजाळ तयार होतं. अशा वेळी नवखा माणूस बॉबीनला दोष देतो, पण दोष बहुधा वर असतो. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. हे मी पाठ केलं आहे. खालच्या खोलीतून, “अगं, हे बॉबीन बघ काय करतंय!” अशी हाक आली, की मी जिन्यातूनच ओरडते, “वर बघा!” बऱ्याचदा खरं निघतं. त्यामुळे माझ्याविषयी ह्यांना अलीकडे आदर वाटू लागला आहे. इतक्या वर्षांच्या संसारातून जे निघालं नाही, ते निघालं शेवटी बॉबीनमधून.

गोधडी झाली. सुंदर झाली, हे मीच म्हणते. ती भाचीच्या हातात दिली, भाचीचे डोळे भरून आले, आणि मग तिने हळूच सांगितलं की वर्षाखालच्या बाळाच्या अंथरुणात सुटी पांघरुणं, उशा, मऊ खेळणी काहीही ठेवायचं नाही, श्वास कोंडण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे गोधडीही नाही आणि टोपडं घातलेलं अस्वलही नाही. ह्यांचा चेहरा उतरला. मग गोधडी जमिनीवर अंथरली, बाळाला तिच्यावर सोडलं, त्याने एक कोपरा तोंडात घातला आणि थोड्या वेळाने मनसोक्त ओकलं. सगळे फडकं आणायला धावले. हे खाली वाकले, डाग निरखून बघितला, ओल्या बोटाने चोळला आणि समाधानाने म्हणाले, “रंग पक्का आहे.”

भेट दिली म्हणजे संपलं, असं कुणाला वाटत असेल तर ते चूक. तिथून घेणाऱ्याचे भोग सुरू होतात. भर समारंभात भेट उघडली की लोक वरची बाजू बघून वा वा म्हणतात. ह्यांना ते पुरत नाही. वस्तू काढून घेतात आणि उलटी करतात. “आतून बघा. एक दोरा लोंबताना दिसणार नाही.” दिरांच्या निरोपाच्या वेळी त्यांनी ऍप्रन आधीच अंगात घातलं होतं. ते तसंच वर उचलून साऱ्या पाहुण्यांना अस्तर दाखवण्यात आलं. दीर दोन्ही हात वर करून उभे. छत्तीस वर्षं खात्यात दरारा असलेला माणूस.

पुढे कधीही त्यांच्याकडे गेलं की ह्यांची नजर आधी यजमानांकडे नाही, सोफ्याकडे जाते. उशीचा अभ्रा आपला आहे का? पडद्याची दोरी आपली आहे का? असते. सगळीकडे असते. नव्या अभ्र्यावर कपाटातल्या घडीच्या रेघा ताज्या दिसतात, पण त्या फक्त मलाच दिसतात. कारण निघण्याआधी हळूच फोन करणारी मीच. “पोचतोच आहोत” वगैरे मी म्हणत नाही. “हिरवी उशी” एवढंच बोलते आणि ठेवून देते. एकदा गडबडीत मी हिरवीऐवजी निळी म्हणाले. नणंदेने निळी पिशवी सोफ्यावर टेकायला ठेवली होती, आणि हे तासभर विचारात पडले होते की हिला पिशवी इतकी का आवडली असेल.

माझ्या वाढदिवसाचं गुपित मात्र फसलं. मी एका रात्री जागीच होते, आणि मापाची टेप गार असते. श्वास रोखून, अंधारात, मोबाइलच्या उजेडात ह्यांनी माझं माप घेतलं. मी हलले नाही. सवयच लागली आहे. त्यानंतर कित्येक रात्री अडगळीच्या खोलीतून मशीनचा आवाज यायचा आणि सकाळी कुणीच काही बोलायचं नाही. त्या दिवसांत मी शिलाई मशीनचा इतिहास वाचला. १८३१ मध्ये पॅरिसच्या शिंप्यांनी बार्तेलेमी तिमोनिये ह्याच्या कारखान्यावर चालून जाऊन सैनिकांचे गणवेश शिवणारी त्याची यंत्रं मोडून टाकली होती. रोजगार बुडेल ह्या भीतीने, असं लिहिलं आहे. माझा अंदाज असा की त्या गर्दीत मागच्या बाजूला दोन-चार बायका असणार. त्यांना रोजगाराशी काही देणंघेणं नसणार, झोपेशी असणार.

गाऊन आला. फिकट जांभळा, दोन्ही बाजूंना खिसे, गळ्याला उरेब पट्टी. मी घातला आणि एक खांदा कानाशी आला. उजवीकडे खाली झूल, डावीकडे गुडघा उघडा. हे मागे-पुढे फिरून बघत राहिले. वही तपासली. आकडे बरोबर होते. मग माझ्या ध्यानात आलं की त्या रात्री मी डाव्या कुशीवर झोपले होते. पलंगावर जाऊन डाव्या कुशीवर आडवी झाले. गाऊन अप्रतिम बसला. एक सुरकुती नाही. हे हरखून म्हणाले, “बघ, म्हणजे बेतलेलं बरोबरच होतं.”

झुललेली बाजू मी सेफ्टीपिनने वर घेतली. ह्यांना ते लागेल असं वाटलं होतं, पण नाही. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसाने १८३०च्या दशकात दोन दोऱ्यांच्या टीपेचं मशीन बनवलं आणि त्याचं पेटंटच घेतलं नाही. शिवणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येईल म्हणून, असं सांगतात. पुढे १८४९ मध्ये त्याने सेफ्टीपिनचं पेटंट घेतलं आणि ते ४०० डॉलरला विकून टाकलं. “एकाच माणसाच्या डोक्यातून मशीनही आलं आणि पिनही,” हे म्हणाले. “म्हणजे पिन लावणं ही शिवणाचीच पुढची पायरी.” ती पिन अजून आहे. गाऊनही आहे. रविवारी दुपारी मी तो घालते आणि डाव्या कुशीवर पडून राहते.

अलीकडे मात्र घरात आनंदाच्या बातम्या उशिरा कळायला लागल्या आहेत. पुतणी परीक्षा पास झाल्याचं तिच्या पदवीदान समारंभाचे फोटो आले तेव्हा समजलं. शेजारच्यांनी नवीन घर घेतलं, ते सामान हलवून झाल्यावर सांगितलं. मुलीने तर जावयांना बढती मिळाल्याची बातमी मला शपथ घालून सांगितली. मी पाळली. पण परवा व्हिडिओ कॉलवर जावयांच्या मागे नवी केबिन दिसली, आणि ह्यांची नजर काही सुटली नाही.

“अहो, बढती? आणि सांगितलं नाहीत?”

“बाबा, म्हटलं तुम्हाला उगाच त्रास... खरंच, मला काही नको.”

“काही नको ना, नको,” हे म्हणाले आणि कानामागची पेन्सिल काढली. “खुर्चीच्या पाठीची उंची तेवढी सांगा.”