षट्कोणी तारा दिसला म्हणून वास्तू कुणाची ते ठरत नाही

दिल्लीतल्या हुमायूनच्या मकबऱ्याचा एक फोटो मराठी ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरतो. कमानीच्या दोन्ही खांद्यांवर लाल दगडात पांढरा संगमरवर बसवून केलेले सहा टोकांचे तारे, आणि फोटोखाली मजकूर: हे शिवशक्तीचं षट्कोण यंत्र आहे, इस्लामात असलं चिन्ह नसतं, त्यामुळे ही वास्तू मूळची हिंदूंचीच, आणि ज्यूंच्या दाविद राजाच्या ढालीवर तीन हजार वर्षांपूर्वी हाच तारा होता, तोही आपल्याकडूनच गेलेला. फोटो खरा आहे, तारेही खरे आहेत. पुढचा मजकूर मात्र टिकत नाही.

‘इस्लामात असलं चिन्ह नसतं’ या वाक्यावर सगळा डोलारा उभा आहे, म्हणून आधी तेच घेऊ. पॅलेस्टाईनमधल्या जेरिकोजवळ खिरबत अल-मफजर नावाचा राजवाडा आहे, उमय्यद या मुस्लिम खलिफांच्या घराण्याचा, आठव्या शतकातला. तिथल्या उत्खननात एक मोठी गोल दगडी खिडकी सापडली. तिची जाळी म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या पट्ट्यांचा सहा टोकांचा तारा. सोळाव्या शतकातला ऑटोमन नौदलप्रमुख हैरुद्दीन बार्बरोसा याच्या निशाणावर कुराणातल्या ओळी आणि झुल्फिकार या हजरत अलींच्या दुटोकी तलवारीसोबत हा तारा आहे. ते निशाण इस्तंबूलच्या नौदल संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकातली मोरोक्कोची तांब्याची नाणी पाहा, एका बाजूला ठसठशीत षट्कोणी तारा. त्या देशाच्या झेंड्यावर पाच टोकांचा हिरवा तारा आला तो 1915 साली. मुस्लिम जगात या आकृतीला सुलेमानची मोहोर म्हणत. सुलेमान म्हणजे बायबलमधला सॉलोमन. कुराणात तो नबी आहे, वारा आणि जिन्न त्याच्या हुकमात आहेत. जिन्नांना काबूत ठेवणाऱ्या त्याच्या अंगठीच्या गोष्टी अरबीपासून फारसीपर्यंत पसरल्या होत्या, आणि त्या अंगठीवरची खूण म्हणून तावीज, भांडी, दरवाजे यांवर हा तारा येत राहिला. ‘असं चिन्ह नसतं’ म्हणणाऱ्याने यातलं काहीही पाहिलेलं नाही.

आता खुद्द मकबरा. हुमायून 1556 च्या जानेवारीत गेला. मकबरा बांधून घेतला तो त्याच्या थोरल्या बेगमेने, जिला हाजी बेगम म्हणतात. 1570 च्या सुमारास काम पुरं झालं. वास्तुकार मीरक मिर्झा घियास. त्याचं नाव अकबराच्या काळातल्या बदायुनी या इतिहासकारानेच नोंदवलं आहे. हा माणूस मध्य आशियातल्या हेरात-बुखाराच्या तैमूरी, म्हणजे तैमूरच्या वंशजांच्या, परंपरेत तयार झालेला, आणि त्या परंपरेत भूमितीच्या नक्षीला फार मोठा मान होता. दुहेरी घुमट, चार भागांत कापलेली बाग, उंच कमानी, सगळं त्याच घराण्यातलं. हातही तिथलेच होते असं मी म्हणत नाही. लाल वाळूचा दगड इथला, तो घडवणारे पाथरवटही बहुतेक इथलेच, आणि त्यांच्या हाताला षट्कोण अनोळखी असण्याचं कारण नव्हतं. एकाच ताऱ्यात पाथरवटाला यंत्र दिसलं असेल आणि वास्तुकाराला सुलेमानची मोहोर, हे मला अगदी शक्य वाटतं. पण त्यातून ‘आधी इथे देऊळ होतं’ असं निघत नाही. देऊळ होतं असं म्हणायचं तर पाया, शिलालेख, जुना दस्तऐवज, काहीतरी दाखवावं लागतं. फॉरवर्डमध्ये फक्त तारा आहे.

दाविदच्या ढालीचा दावा तर ज्यू इतिहासालाच धरून नाही. बायबलमध्ये या ताऱ्याचा कुठेही उल्लेख नाही. ज्यूंचं प्राचीन चिन्ह सात फांद्यांची दीपमाळ, मेनोरा. रोममधल्या टायटसच्या कमानीवर जेरुसलेमची लूट कोरली आहे, त्यात सैनिक मेनोराच वाहून नेताना दिसतात. गालीलमधल्या कफर्नहूमच्या जुन्या सिनेगॉगच्या दगडांवर सहा टोकांचा तारा सापडतो खरा, पण तिथेच पाच टोकांचाही आहे. दोन्ही नुसती नक्षी. चौदाव्या शतकात प्रागच्या ज्यूंना सम्राट चौथ्या चार्ल्सने स्वतःचं निशाण वापरायची परवानगी दिली, त्या निशाणावर हा तारा होता असं परंपरा सांगते. तिथून तो हळूहळू समाजाची खूण होत गेला. 1897 च्या बाझलच्या झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंसाठी स्वतंत्र मायभूमी मागणाऱ्यांच्या, परिषदेने त्याला राजकीय ओळख दिली. नाझींनी सप्टेंबर 1941 मध्ये जर्मनीतल्या ज्यूंना पिवळा तारा छातीवर शिवायची सक्ती केली. ऑक्टोबर 1948 मध्ये तोच तारा इस्रायलच्या अधिकृत ध्वजावर आला. एवढं सोसून ज्या समाजाने ते चिन्ह आपलं केलं, त्याला ‘आमचंच चोरलंत’ असं हसत हसत ऐकवणं मला फार लागतं.

मग सगळीकडे सारखीच आकृती आली कशी? याला उत्तर द्यायला कुणी कुणाकडून नेलं हे धरायची गरजच नाही. कंपासने वर्तुळ काढा, कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर खुणा करत जा. बरोबर सहा खुणा पडतात, कमी ना जास्त. एकाआड एक जोडा, दोन त्रिकोण, तारा तयार. खुंटी आणि दोरी असलेल्या कुठल्याही गवंड्याला हे जमतं. अंगणात पाच ते तीन असे मधले ठिपके मांडून ओळीओळीने रेघा ओढल्या तरी तोच तारा निघतो, आणि तो काढणाऱ्या बाईला कुणी प्राग किंवा जेरिको सांगितलेलं नसतं. कुठून कुठे आकृती गेलीच नाही असा याचा अर्थ नव्हे. व्यापार होता, कारागीर फिरत होते. पण गेली असं म्हणणाऱ्याने वाट दाखवावी.

षट्कोण भारतात खोल रुजलेला आहे, हा फॉरवर्डमधला एकच भाग खरा, आणि तोच त्यात सगळ्यात उथळपणे आला आहे. वरच्या टोकाचा त्रिकोण शिव, खालच्या टोकाचा शक्ती, एवढ्यावर विषय संपवला आहे. 1577 च्या षट्चक्रनिरूपण या तंत्रग्रंथात हृदयाजवळचं अनाहत चक्र बारा पाकळ्यांचं आहे, त्यात धुरकट रंगाचं षट्कोणी वायुमंडल, आणि त्यात ‘यं’ हे बीज, म्हणजे एका अक्षराचा मंत्र. तमिळ देशात सुब्रह्मण्याच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, षट्कोण यंत्राच्या सहा कोनांत त्याच्या ‘शरवणभव’ या मंत्राची सहा अक्षरं बसतात. वज्रयान या तांत्रिक बौद्ध पंथात वज्रयोगिनी ही देवी एकमेकांत गुंतलेल्या दोन त्रिकोणांवर उभी असते, आणि तिथे त्यांना धर्मोदय म्हणतात. साधकाच्या दृष्टीने यंत्र पुरं होतं ते बीजाने, पाकळ्यांनी, देवतेने आणि न्यासाने, म्हणजे मंत्र म्हणत अंगाला स्पर्श करण्याच्या विधीने. मकबऱ्यावरच्या ताऱ्याभोवती यातलं काय आहे? बीज नाही, अक्षरं नाहीत, पूजेची जागाही नाही. तो कमानीच्या खांद्यावर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर बसवलेला आहे.