येथे बसू नये

घर घेताना दलाल म्हणाला होता, "साहेब, स्टेशन चालत आठ मिनिटं, तलावपाळी पाच, गडकरी रंगायतन सहा. आणि आजूबाजूला सगळी कॉलेजं, क्लासेस. एकदम शिक्षणाचं वातावरण!" मुलगी तेव्हा बालवाडीत होती. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी दलालाकडे पाहिलं आणि टोकन देऊन मोकळा झालो. हे वातावरण घरात नेमकं कुठून येतं, ते विचारायचं राहूनच गेलं.

ते हॉलच्या खिडकीतून येतं. सकाळी पावणेसातला.

ठाणेकराला पहिल्या रेल्वेचा भारी अभिमान. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या त्या गाडीत चारशे माणसं होती म्हणतात. तेवढी पोरं तर नुसती सातच्या लेक्चरला माझ्या खिडकीखालून जातात. जातात म्हणजे निघतात तरी जायला. त्यातली बरीचशी मध्येच, आमच्या ओट्यावर उतरतात.

आमची इमारत जुन्या चेंदणीतली, तीन मजली. रस्त्याच्या अंगाला शहाबादी फरशीचा लांबलचक ओटा आहे, आणि त्याच्या बरोब्बर वर माझी गॅलरी. म्हणजे ओट्यावर सावली माझी, पावसात आडोसा माझा आणि खालचा प्रत्येक शब्द वर चढून येतो तोही माझ्याकडेच. मी ऐकत नाही, मला ऐकू येतं. हा फरक बायकोला समजावून थकलो.

ऐकून ऐकून माझं बरंच शिक्षण झालं. आमच्या वेळी मुलं नापास व्हायची. आता केटी 'लागते', जशी ठेच लागते. त्यात लागणाऱ्याचा काही दोष नसतो. "भावा, किती लागल्या?" "दोन." "बस? लोड घेऊ नको." पंच्याहत्तर टक्के हजेरी भरली नाही की नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये जातं, मग आईवडिलांना घेऊन कॉलेजात हजर व्हावं लागतं, आणि ते टाळायला कोणाचे तरी काका भाड्याने मिळतात का याची चौकशी होते. एकदा दोघांनी वर पाहून माझा अंदाज घेतला होता. मी पटकन आत गेलो. खरं तर आमच्या ओट्यावर हजेरी घेतली असती तर एकाचंही नाव त्या यादीत गेलं नसतं.

परीक्षा जवळ आल्याचं मला कालनिर्णय न बघता कळतं. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते आणि अख्खं अर्थशास्त्र काडेपेटीएवढ्या कागदावर उतरून बाहेर पडतं. त्याला मायक्रो म्हणतात. एकदा वाऱ्याने त्यातलं एक गॅलरीत आलं. चष्मा लावून, वर भिंग धरून मी 'मागणीची लवचीकता' एवढंच वाचू शकलो. हे परीक्षेच्या हॉलमध्ये, सुपरवायझरची नजर चुकवून, मांडीवर ठेवून वाचायचं! त्यापेक्षा अभ्यास सोपा, असं मी खाली ओरडून सांगितलं. "बरोबर आहे काका, पण ते मायक्रो टाका ना खाली," असं उत्तर आलं.

कोणाही सभ्य माणसाप्रमाणे मी आधी कायदा वाचला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. त्यात निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सहा ४५. इथवर ठीक. पुढे शांतता क्षेत्र. रुग्णालयं, न्यायालयं आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवती किमान १०० मीटर, मर्यादा दिवसा ५० नि रात्री ४०. मी हे दोनदा वाचलं. म्हणजे आमचा आवाज त्यांच्यापर्यंत जाऊ नये, ही तरतूद आहे! त्यांच्या वर्गात मी कुकरची शिट्टी वाजवली तर गुन्हा. कायदा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विद्यार्थी म्हणजे वर्गात बसलेला प्राणी असणार. तो वर्गाबाहेर कुठे बसतो हे त्याला ठाऊक नसावं. नक्कीच तो कॉलेजच्या शेजारी राहणारा नव्हता.

तरीही त्या ४५ डेसिबलच्या बळावर मी एकदा लढाईला उतरलो होतो. रात्रीचे बारा. खाली स्कूटरच्या सीटवर केक, भोवती पंधरा-वीस पोरं आणि मध्ये उत्सवमूर्ती. वाढदिवस दिवसा करायची पद्धत बंद झालीय हे आमच्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. बाराला एक मिनिट असताना उलटी मोजणी, मग गाणं, मग उत्सवमूर्तीला चौघांनी उचलून बाकीच्यांनी लाथा घालायच्या, मग फेसाचा फवारा. केक खायचा नसतो, फासायचा असतो. मी लेंग्यावरच खाली गेलो. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप आदल्याच दिवशी घेतलं होतं. ते पुढे धरून म्हणालो, "हे बघा, ८३. कायद्याने ४५ च्या वर जाता येत नाही."

मला वाटलं, आकडा ऐकून वचक बसेल.

"काका, भारी आहे! कुठलं ॲप?" एकाने विचारलं. दुसऱ्याने तोवर माझ्या मोबाइलपाशी तोंड आणून शिट्टी वाजवली. ८८. मग प्रत्येकाला आपापला आकडा हवा झाला. एक हुडीवाला (ठाण्याच्या मे महिन्यातल्या रात्री हुडी! पण ते असो) ९१ वर गेला आणि त्याचा जयजयकार झाला. माझ्या डोक्याची शीर तडकली. मी पोटातून ओरडलो, "गप बसा रे!"

एकदम शांतता. हुडीवाल्याने स्क्रीनकडे पाहिलं. "९६! काका जिंकले!"

त्या वस्तीत त्या रात्री झालेला सर्वांत मोठा आवाज माझा होता. वर दोन गॅलऱ्यांत दिवे लागले ते माझ्या आवाजाने. "काकांना केक द्या रे," असं उत्सवमूर्ती म्हणाला आणि कागदी बशीत एक तुकडा पुढे आला. तो कोणाच्या गालावरून आलेला होता हे विचारणं बरं दिसेना. घरी आल्यावर बायको म्हणाली, "समज दिलीत ना नीट? मग मिशीला क्रीम कसलं?"

त्यानंतर प्रकरण सोसायटीच्या सभेत गेलं. ओट्यावर पाटी लावायचं ठरलं. एरवी आमच्या सभेला कोरम भरत नाही, पण पाटीचा मजकूर ठरवायचा म्हटल्यावर एकवीसपैकी एकोणीस सभासद हजर! सेक्रेटरींनी मसुदा आणला होता. 'सदर इमारत ही खाजगी मालमत्ता असून त्रयस्थ व्यक्तींनी ओटा या जागेचा बैठकीसाठी वापर केल्याचे निदर्शनास आल्यास' इथपर्यंत वाचून त्यांना दम लागला. रंगारी अक्षरामागे वीस रुपये घेणार होता. हिशेब केल्यावर मसुदा मागे घेण्यात आला.

मग कोणीतरी 'कृपया येथे बसू नये' सुचवलं. तळमजल्यावरचे मास्तर, आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले, त्यांनी हात वर केला. "कृपया काढा. आपण विनवणी करतोय की मनाई?" खजिनदारांनीही दुजोरा दिला, तीन अक्षरांचे साठ रुपये वाचतात. मग 'नये' की 'नका' यावर अर्धा तास गेला. 'नये' म्हणजे सल्ला, 'नका' म्हणजे आज्ञा, असं दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं. मास्तर म्हणाले, "नये मध्ये भारदस्तपणा आहे." खाली 'हुकमावरून' हवंच, असं सगळ्यांचं मत पडलं. कोणाच्या, हे कोणी विचारलं नाही. येथे बसू नये, सहा अक्षरं. हुकमावरून, सहा अक्षरं. एकूण दोनशे चाळीस. हुकूम नसता तर निम्म्यात काम झालं असतं.

पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरं, पुणेकराने मान डोलवावी अशी पाटी झाली. सोमवारी लागली. मंगळवारी सकाळी मी दूध घ्यायला उतरलो तर मास्तर पाटीपुढे हात मागे बांधून उभे.

रात्रीतून कोणीतरी लाल रंगाने 'न'ला एक काना दिला होता आणि पुढे एक स्वल्पविराम.

येथे बसू ना, ये
हुकमावरून

मला संताप आला. मास्तर मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "स्वल्पविराम योग्य जागी आहे हो. छत्तीस वर्षं शिकवला, एकाने वापरला नाही." ती पाटी पुन्हा रंगवायचा ठराव पुढच्या सभेत आला तेव्हा विरोधात एकच मत पडलं, आणि ते त्यांचं होतं. पण रंगारी आता दुरुस्तीचे वेगळे पैसे मागत होता, त्यामुळे ठराव तसाही बारगळला.

परिणाम असा झाला की आतापर्यंत निनावी असलेल्या ओट्याला नाव मिळालं. "कुठे आहेस?" "हुकूमवर." "थांब, दहा मिनिटांत येतो." पूर्वी आमच्याच रस्त्यावरची पोरं बसायची, आता कळव्याची, घोडबंदरची यायला लागली.

या सगळ्यात एक गाणारा मुलगा होता, त्याचं सांगायलाच हवं. आमच्या दुसऱ्या मजल्यावर चार मुली भाड्याने राहतात, बाहेरगावच्या, शिकणाऱ्या. हा रोज रात्री आठच्या सुमारास ओट्याच्या टोकाला उभा राहून वर तोंड करून गायचा. सूर एका दिशेला, ताल दुसऱ्या दिशेला. बायको म्हणाली, "किती छान, नाही? हल्ली कोण गातं असं कोणासाठी?" मला मात्र आमच्या ठाण्याचा इतिहास आठवायचा. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर जे तुरुंगाचं आवार आहे, तो मुळात ठाण्याचा किल्ला. दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे तिथे इंग्रजांच्या कैदेत होते. १८१६ मध्ये ते पळाले. कसे, तर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता त्यांच्या खिडकीखाली गाणी म्हणायचा आणि पळून जायचा बेत त्या गाण्यातून वर पोचवायचा, अशी गोष्ट सांगतात. पहाऱ्यावर गोरे सोजीर. त्यांना मराठी येईना, त्यांना वाटलं गडी गुणगुणतोय. थोडक्यात, खिडकीखाली गाण्याला ठाण्यात दोनशे वर्षांची परंपरा आहे, आणि गाणं हे केवळ गाणं नसतं.

मी पहारा ठेवला. तिसऱ्या रात्री गाणं दुसऱ्या कडव्यावर असताना माझ्या गॅलरीसमोरून वरून एक दोरी उतरायला लागली. टोकाला भाजीची कापडी पिशवी. मी बायकोला हाक मारली. आम्ही दोघं श्वास रोखून बघत राहिलो. पिशवी माझ्या नाकासमोर येऊन कठड्याला अडकली. आत चिठ्ठी असेल, गुलाब असेल, निदान घरून आलेला लाडू असेल, असं बायकोला वाटत होतं. मी वाकून पाहिलं.

प्रॅक्टिकलचं जर्नल होतं. ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं.

"काका, जरा सोडा ना खाली," वरून मुलीचा आवाज आला, "त्याचं उद्या सबमिशन आहे. आणि त्याला सांगा, या वेळी आकृत्या तरी स्वतः काढ!" गाणं म्हणजे 'जर्नल टाक' अशी खूण होती, कारण फोन केला की ती उचलायची नाही. बायको तडक आत गेली. दोन दिवस तिने त्या मुलाचं नाव काढलं नाही.

दिवाळीच्या पहाटेबद्दल फार लिहीत नाही. ज्याने नरकचतुर्दशीला सकाळी राम मारुती रोड किंवा तलावपाळी पाहिली आहे त्याला माहीत आहे, आणि ज्याने पाहिली नाही त्याला खोटं वाटेल. अख्ख्या ठाण्याची तरुणाई कुर्ते आणि नऊवाऱ्या घालून तिथे लोटते आणि तिच्या मोटारसायकली आमच्या दारात राहतात. आम्ही अभ्यंगस्नान करून, कारीट फोडून तयार होतो आणि मग दहापर्यंत तसेच तयार असतो, कारण फाटकातून बाहेर पडता येत नाही. गेल्या वर्षी साडेआठला बेल वाजली. दारात फेटा बांधलेला मुलगा. "हॅपी दिवाळी काका! बाथरूम वापरू का?" त्याच्यामागे जिन्यात आणखी सहाजण होते. सगळे फेटेवाले. लग्नघर वाटावं असा जिना दिसत होता. बायकोने त्यांना चकल्या दिल्या. ते सगळे नीट पाया पडून गेले, त्यामुळे ओरडताही आलं नाही.

परवा मुलीने मोबाइल पुढे केला. ती आता स्वतः कॉलेजात आहे, पण तिने सीबीडी बेलापूरचं कॉलेज निवडलं. म्हणते, इथे शेजारी कॉलेजात गेले तर तुम्ही गॅलरीतून बघाल. नकाशावर आमच्या इमारतीच्या डोक्यावर लाल खूण होती, 'हुकूम कट्टा'. चार पूर्णांक सहा तारे. खाली अभिप्राय. 'मस्त सावली. चहा जवळ. वरचे काका अधूनमधून ओरडतात, बाकी एकदम शांत जागा.'

शांत जागा! मी तो अभिप्राय तीनदा वाचला. एका तारेवाला एकच होता, तो कोणाचा हे भाषेवरून लगेच कळलं. 'सदर जागा ही खाजगी मालमत्ता असून' अशी त्याची सुरुवात होती.

हे वाचत असतानाच फोन वाजला. "सर, पार्सल आहे. हुकूमवर उभा आहे, खाली या." मी त्याला इमारतीचं नाव सांगू लागलो. "ते माहीत नाही सर. हुकूमवर या ना." उतरलो. ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला. पार्सलवाला ओटीपी मागत होता, माझा चष्मा वर राहिला होता आणि मेसेज सापडत नव्हता. मला उभ्या उभ्या चाचपडताना पाहून हुडीवाला सरकला, शेजारच्याला कोपराने सरकवलं आणि हाताने फरशी झाडून म्हणाला, "बसा काका."

मी पाटीखाली बसलो आणि ओटीपी शोधू लागलो.