‘पार्लर तरी शिकू दे’

आज दुपारी मानेवाड्याच्या माझ्या पार्लरमध्ये एक बाई मुलीला घेऊन आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, “ताई, हिले बारावीत ५४ टक्केच पडले. आता पार्लर तरी शिकू दे म्हटलं. किती दिवसांत होते?” आणि मोबाईलवरची जाहिरात पुढे केली. सात दिवसांत हेअर, स्किन, ब्रायडल मेकअप सगळं, वर सर्टिफिकेट. पोरगी मान खाली घालून नखं कुरतडत होती.

त्या ‘तरी’नं माझं डोकं फिरलं. अजून उतरलं नाही.

१६ वर्षं झाली मला या कामात. पहिले तीन महिने माझ्या मॅडमनी गिऱ्हाइकाला हात लावू दिला नव्हता. टॉवेल धुवायचे, कैच्या पुसायच्या आणि वेळ मिळाला की दोरा दातात धरून स्वतःच्याच पोटरीवर थ्रेडिंग करायचं. दोरा तुटायचा, ओठ कापायचा, पोटरी लाल व्हायची.

एवढं शिकून मी चूक केलीच. आमच्या चुलत काकू, मुलाच्या हळदीच्या दोन दिवस आधी केस काळे करायला बसल्या. मॅडमनी शंभरदा बजावलं होतं, आधी कानामागे थोडा रंग लावून ४८ तास थांब. काकू म्हणाल्या, “काहून वं, मी काय पहिल्यांदा लावून राहिली का?” मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचे डोळे उघडत नव्हते. पापण्या सुजून गच्च, कपाळाच्या कडेनं पाणी भरलेले बारीक फोड. केसांच्या रंगातलं पीपीडी नावाचं रसायन वर्षानुवर्षं सोसतं आणि एक दिवस अंगावर उलटतं. मला ते माहीत होतं! लग्नाच्या फोटोंत काकू पदर पुढे ओढून उभ्या आहेत. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

सात दिवसांत कोण शिकवतं हे? रंगात मिसळायच्या डेव्हलपरवर २० व्हॉल्यूम लिहिलं म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइड, ३० म्हणजे ९ टक्के, हे कोण समजावतं? पिंपल्सवर रेटिनॉलचं क्रीम लावणाऱ्या मुलीला चेहऱ्यावर वॅक्स केलं तर पट्टीबरोबर चामडी निघते, म्हणून आधी विचारायचं, हे कोण सांगतं? जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर काम करतो आपण. फी घेऊन, फ्रेम केलेला कागद देऊन या पोरींना दुसऱ्याच्या डोळ्यांशी खेळायला पाठवणाऱ्यांना लाज वाटायला पाहिजे.

बरं, छोटे कोर्स सगळेच फसवे नसतात. हात आधीच बसलेला असेल तर सात दिवसांत एखादी नवी हेअरस्टाईल येते. तेवढंच.

आणि ‘तरी’ म्हणणाऱ्यांनो, सरकारी आयटीआयमध्ये दहावीनंतर कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यात त्वचेचे थर, केसांच्या वाढीचं चक्र, निर्जंतुकीकरण सगळं शिकावं लागतं. आपल्याच नागपूरच्या एलएडी कॉलेजात कॉस्मेटिक टेक्नॉलॉजीची पदवी मिळते. ती प्रसाधनं बनवण्याच्या शास्त्राची, पण त्याचीही कुणाला खबर नाही. पोरीला इंजिनिअरिंगला घालताना कुणी म्हणतं का, किती दिवसांत होते?

लिहिता लिहिता त्या बाईंचा हात डोळ्यांसमोर येतोय. पर्सच्या आतल्या कप्प्यातून रुमालात बांधलेले पैसे काढत होत्या. घरी काय ऐकून आल्या असतील कोण जाणे. पोरीला लवकर कमावतं करायचं आहे त्यांना, दुसरं काय! मी जरा जास्तच तोडून बोलले त्यांच्याशी. त्यांना नव्हतं बोलायचं मला.

पैसे मी घेतले नाहीत. त्या वेळी एका गिऱ्हाइकाची पॅच टेस्ट चालू होती. निघता निघता ती पोरगी दारात थांबली. इतका वेळ तोंडातून शब्द नव्हता, आणि विचारलं काय? “ताई, ते कानामागे काय लावलं त्यांना?”

मला काकूच आठवल्या.

उद्या साडेदहाला बोलावलंय तिला. नखं कापून, केस बांधून ये म्हटलं. आयटीआयच्या प्रवेशाची चौकशी मीच करून देईन. तोवर माझ्याकडे येऊ दे.

पहिले टॉवेल.