एक्सपायर झाले म्हणणाऱ्यांना जरा सोडा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका शेजाऱ्यांचा मेसेज आला. "वडील पहाटे एक्सपायर झाले. अंत्यविधी अकरा वाजता." खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि त्या रांगेत एक महाशय उगवले : "दुःखात सहभागी आहे. पण एक्सपायर औषधं होतात, माणसं नव्हे. आपल्या मराठीत किती सुंदर शब्द आहेत!" वर त्यांना अंगठेही मिळाले.

डोकं सणकलं माझं. ज्याच्या दारात अजून तिरडी बांधायची आहे, त्याची वही तपासायला बसलात तुम्ही?

आणि तपासलीत तीही चुकीची. एक्सपायर हा शब्द लॅटिनमधल्या 'श्वास बाहेर टाकणे' या क्रियापदावरून आलाय. रेस्पिरेशनमधला श्वास तोच. म्हणजे आपलं 'प्राण सोडला' आणि त्यांचं 'एक्सपायर्ड' हे जवळपास सख्खे भाऊ. माणसासाठी हा शब्द इंग्रजीत शेकडो वर्षं चालत आलाय, औषधाच्या पट्टीवर तो मागाहून येऊन बसला. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या कागदांवरसुद्धा 'पेशंट एक्सपायर्ड' लिहितात. बरं, तिथला माणूस घरात बोलताना हा शब्द वापरणार नाही, त्याला तो कोरडा वाटेल, तो 'पास्ड अवे' म्हणेल, हे मान्य. म्हणू दे. आपण काही लंडनला कळवत नव्हतो.

बाबा गेले तेव्हा फोन करायचं काम माझ्याकडे आलं. भाऊ कागदपत्रांत अडकला होता, आई बोलण्याच्या स्थितीत नव्हती. बाबांच्या ऑफिसात, बँकेत, पेपरवाल्याला मी घडाघडा सांगितलं, "बाबा एक्सपायर झाले." आवाजसुद्धा हलला नाही. मग आत्याला लावला. "आत्या, बाबा..." एवढंच आलं तोंडातून. तिकडून ती म्हणाली, "कधी?"

'सुंदर शब्द' म्हणे. आहेतच, कोण नाही म्हणतंय? वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली, कैलासवासी, वैकुंठवासी, पैगंबरवासी, ख्रिस्तवासी. ज्ञानेश्वरांची समाधी, तुकोबांचं वैकुंठगमन, बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण. कोणासाठी काय म्हणायचं हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण या सगळ्या यादीत साधा सरळ 'मेला' कुठेय? तो आपण शिवी देण्यासाठी राखून ठेवलाय. आजी दिवसातून दहा वेळा "मेल्या, कुठे उलथला होतास?" म्हणायची, आणि खरंच कोणी मेलं की तो शब्द तिच्या तोंडून यायचा नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. असल्या भाषेत वाढलेल्या माणसानं वडिलांच्या मरणावर एक परका शब्द पांघरला, तर तो मराठी विसरला असं कसं म्हणता? उलट पक्का मराठी आहे तो!

इंग्रजीवालेही काही वेगळे नाहीत. 'डिसीज्ड'च्या मुळाशी 'निघून जाणे'च आहे, म्हणजे आपलं 'गेले'. 'डिमाइस' तर मुळात इस्टेट दुसऱ्याच्या नावावर करण्याचा कायद्यातला शब्द. माणूस गेला आणि सातबारा फिरला, विषय संपला.

'सिरियस' घ्या. "बाबा सिरियस आहेत, असशील तसा निघ" या वाक्याचा अर्थ महाराष्ट्रात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. तारा होत्या तेव्हाही 'फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली' अशीच यायची. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, हे वाक्य मात्र फोनवर अजून चालू आहे. मीही मामाला तेच सांगितलं. तो रात्रभर एसटीत बसून येणार होता, त्याला खरं कसं सांगायचं? तोही समजायचं ते समजला असणार. एका अक्षरानं विचारलं नाही त्यानं. यालाही शुद्धलेखनाचे मार्क कापणार का?

परत आत्याकडे येते. जेमतेम सातवी शिकलेली, इंग्रजीशी काडीचा संबंध नाही. बाराव्या-तेराव्याला ती आमच्याकडेच होती. समोरच्या काकू विचारायला आल्या तर ही म्हणाली, "माझा दादा एक्सपायर झाला ना हो," आणि पुन्हा गवार मोडायला लागली. डोळे कोरडे. संध्याकाळी आईशी बोलताना सहज म्हणून गेली, "वहिनी, दादा गेला गं," आणि जी हमसून रडायला लागली ती आवरेना. माणूस तोच, ती तीच, दिवसही तोच. काकूंसमोर तिला उभं राहायचं होतं, त्यासाठी तो शब्द होता. कोणाकडून उचलला असेल देव जाणे, बहुतेक हॉस्पिटलात ऐकला असेल.

त्या महाशयांवर सकाळी जेवढी चिडले होते तेवढी आता नाही. त्यांनाही भाषेची काळजी असेल. पेपरातल्या बातमीत किंवा शाळेच्या फळ्यावर 'एक्सपायर' दिसलं तर मलाही खटकेल. आणि 'आजोबा ऑफ झाले' हे मला आजही सहन होत नाही, पंखा ऑफ झाल्यासारखं. पण ज्याचे आजोबा आहेत तो म्हणत असेल तर मी गप्प बसते. ज्याच्या घरात माणूस गेलंय त्यानं हवं ते म्हणावं.

शब्द शोधायचे असतील तर ते आपण शोधायचे, भेटायला जाणाऱ्यांनी. तिथे मात्र आपण तीन इंग्रजी अक्षरं टाकून मोकळे. आर.आय.पी. ज्याला तासाभरात अग्नी देणार, त्याला 'शांतपणे पडून राहा'! यावर त्या सुंदर शब्दवाल्यांची कधी हरकत ऐकली नाही मी. नाहीतर मग 'भावपूर्ण श्रद्धांजली' कॉपी-पेस्ट. तीही जरूर करा, फक्त पाठवण्याआधी एकदा वाचून बघा. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका ग्रुपवर एक आजी गेल्या, तर त्यांच्या बातमीखाली एकानं कोणा काकांच्या नावानं श्रद्धांजली वाहिली होती. संध्याकाळपर्यंत ती तशीच होती आणि तिच्याखाली आणखी चौघांनी 'सहमत' लिहिलं होतं.