चिऱ्याची भुकटी म्हणजे रेती नव्हे

गोव्यात घर बांधायला काढलेल्यांच्या मोबाईलवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचं सार असं: दगड कापताना पडणारी भुकटी फुकट मिळते, दगड कुठलाही चालतो, ती स्लॅबमध्ये रेतीच्या जागी पूर्णच्या पूर्ण घाला, मजबुती तेवढीच राहते, पैसे वाचतात, रेती उपसावी न लागल्याने नदीही वाचते. नदीची काळजी मलाही आहे. तेरेखोल, शापोरा नद्यांच्या काठच्या माडांखालची जमीन खचताना आपण पाहतोच आहोत. म्हणूनच असा सल्ला नदीच्या नावावर खपवलेला सहन होत नाही.

‘दगड कुठलाही चालतो’ हे त्यातलं सर्वांत घातक वाक्य. आपल्याकडे दगड कापणं म्हणजे बहुतेकदा चिरे काढणं. चिरा म्हणजे जांभा: लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं, सोबत चिकणमाती, आणि अंगभर छिद्रं. खाणीत तो मऊ असतो, हवा लागल्यावर टणक होतो. करवतीखाली पडणाऱ्या लाल भुकटीत मात्र मातीचा अंश मोठा असतो. ती पाणी शोषते, कालवलेला माल घट्ट होतो, मेस्त्री आणखी पाणी ओततो. आणि सिमेंट तेवढंच ठेवून पाणी वाढवलं की काँक्रीटची ताकद उतरते. खडीवर मातीचा लेप बसला तर सिमेंट तिला नीट धरतही नाही. ही भुकटी भरावाला घाला, सिमेंट मिसळून दाबलेल्या विटांना वापरा. स्लॅब आणि बीमपासून ती लांबच ठेवा.

बेसाल्ट किंवा ग्रॅनाईटसारखा कठीण दगड क्रशरमध्ये फोडून, चाळून केलेली वाळू ही वेगळी वस्तू आहे आणि ती खुशाल वापरावी. आयएस ३८३ या भारतीय मानकात तिला जागा आहे. ७५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण नैसर्गिक वाळूत ३ टक्क्यांपर्यंत चालतात, दगड फोडून केलेल्या वाळूत १५ टक्क्यांपर्यंत. कारण तिथली धूळ दगडाची असते, मातीची नव्हे. कण टोकदार असल्याने माल जरा अडतो. त्यावर उपाय पाणी नव्हे, ॲडमिक्श्चर, म्हणजे माल पाणी न वाढवता सैल करणारं रसायन.

मार्बल-ग्रॅनाईट कापणाऱ्या कारखान्यांतला गाळ तर पिठासारखा बारीक. थोड्या प्रमाणात, चाचणी करून तो चालू शकतो. पूर्ण रेतीच्या जागी नाही.

‘बरणीत पाणी घालून हलवा, गाळ कमी दिसला की माल चांगला’ ही त्याच मजकुरातली परीक्षा नदीच्या रेतीची. क्रशरच्या वाळूत बरणी दगडाची धूळ आणि माती यांत फरक करत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत मेथिलीन ब्लू चाचणी करतात.

आणि ‘फुकट’? वाहतूक, चाळणं, धुणं, तपासणी याला पैसे पडतात.

नदीची रेती आपोआप निर्दोष असते असंही कुणी समजू नये. आपल्या नद्यांत भरतीचं खारं पाणी खूप आतपर्यंत शिरतं. न धुतलेल्या रेतीतला क्षार सळ्या गंजवतो; आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटमध्ये क्लोराईड, म्हणजे या क्षारातला गंजवणारा अंश, घनमीटरला ०.६ किलोच्या वर जाता कामा नये.

तेव्हा पर्यायी वाळू घेताना पुरवठादाराला तीन गोष्टी विचारा: दगड कुठला, चाळणीचा (कणांच्या आकारांचा) अहवाल कुठे आहे, आणि याच वाळूच्या काँक्रीटच्या क्यूबची (चाचणीच्या ठोकळ्याची) २८ दिवसांची ताकद किती आली. तिसऱ्याचं उत्तर कागदावर मिळेपर्यंत स्लॅब ओतू नका.