खेळाडूंनी नुसतं खेळावं?
'खेळाडूंनी खेळावं, राजकारणात पडू नये' हा लेखाचा सूर काही पटला नाही. राजकारण आधीच मैदानात ठाण मांडून बसलेलं असतं. आपल्याला ते खुपतं फक्त खेळाडू बोलला की. ऑलिंपिकची मशाल घ्या. आज ती किती पवित्र वाटते! पण ग्रीसमधून मशाल धावत आणण्याची प्रथा सुरू झाली १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून, म्हणजे हिटलरच्या राजवटीत. त्या वेळी अमेरिकेतली बहिष्काराची मागणी हाणून पाडण्यात पुढे होते तिथल्या ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज, 'खेळात राजकारण नको' म्हणत. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या अमेरिकेच्या कृष्णवर्णीय धावपटूंनी पदक घेताना वर्णभेदाच्या निषेधार्थ काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या, तेव्हा हेच ब्रंडेज आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते आणि त्या दोघांना घरी पाठवल्याशिवाय त्यांना चैन पडलं नाही. नाझी सलाम चालला, मूठ चालली नाही!

त्याच व्यासपीठावरचा तिसरा माणूस, रौप्यविजेता ऑस्ट्रेलियन पीटर नॉर्मन, सगळेच विसरतात. (लेखातही तो नाही.) त्याने छातीवर मानवी हक्कांचा बिल्ला लावला होता, एवढंच. पुन्हा तो ऑलिंपिकमध्ये धावला नाही. त्याची २०० मीटरमधली २०.०६ सेकंदांची वेळ मात्र २०२४ पर्यंत ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय विक्रम होती.

बहिष्काराने खेळाडूंचंच नुकसान होतं, याबद्दल मात्र लेखकाशी सहमत. १९८० ला मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेच्या गटाचा बहिष्कार, १९८४ ला लॉस एंजेलिसवर सोव्हिएत गटाचा. निर्णय सरकारांचे, आणि वाया गेली ती खेळाडूंची उमेदीची वर्षं. त्यांना कोणी विचारलं होतं?